प्रभाग सातमधला कावळा

"तोंड जरा पाड," नाना म्हणाले. "दहाव्याला चाललोय आपण, हळदीकुंकवाला नाही."

मी तोंड पाडलं. पंधरा दिवस घासून घासून मला हसायला शिकवलं होतं, त्यामुळे हसू जायला जरा वेळ लागला. नानांनी गाडीच्या आरशात बघून स्वतःचंही पाडलं. त्यांचं एका झटक्यात पडलं. सवय होती.

"आणि तिथं बोलायचं नाही. बायकांत जाऊन बसायचं. काय बोलायचं ते मी बोलतो."

"उमेदवार कोण आहे?" मी विचारलं.

"तूच की. म्हणून तर सांगतोय."

वीस-बावीस वर्षं झाली याला. निमसोंड नगरपालिकेची निवडणूक होती आणि आमचा प्रभाग सात चिठ्ठीत महिलांसाठी राखीव निघाला होता. चिठ्ठी निघाली त्या दिवशी माझे यजमान, नाना, जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा पिता पिता त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि माळ्यावर एक जुनी शिडी पडलीय हे अचानक आठवावं तसा त्यांचा चेहरा उजळला. संध्याकाळपर्यंत माझे फोटो काढून झाले. पोस्टरवर नाना भले मोठे, खाली आमची निशाणी कपबशी, आणि बशीच्या कडेला बशीपेक्षाही लहान अशी मी. 'सौ. शालन पंढरीनाथ जगदाळे यांना प्रचंड मतांनी विजयी करा.' यातलं पंढरीनाथ जगदाळे तेवढं जाड अक्षरात.

समोरून बापू शेडग्यांनी त्यांच्या बायकोला उभी केली होती. मंदा तिचं नाव. तिची निशाणी पतंग. तिच्या पोस्टरवरही बापूच मोठे होते, त्यामुळे गावातल्या भिंतींवर नाना आणि बापू एकमेकांकडे डोळे वटारून बघायचे आणि खाली आम्ही दोघी पासपोर्ट फोटोएवढ्या. मंदा आणि मी शाळेत एका बाकावर बसायचो. नवऱ्यांचं वाकडं आल्यापासून बारा वर्षं आम्ही बाजारात समोरासमोर आलो की दोघीही कोथिंबीर निरखायला लागायचो.

आता दहाव्याचं सांगते. आमच्याकडे उमेदवाराला लग्नापेक्षा दहावा बरा वाटतो. लग्नात माणूस जेवून सटकतो. दहाव्याला सकाळी साडेसातला तीनशे-चारशे मतदार नदीच्या घाटावर बसलेले असतात, आणि पिंडाला कावळा शिवेपर्यंत कुणाला उठता येत नाही. कावळा यायला उशीर झाला की श्रद्धांजलीची भाषणं चालू. नानांच्या खिशात त्या पंधरवड्याची यादी असायची, कुणाचा दहावा कधी. एकदा सकाळी एकच नाव असलेलं बघून ते हळहळले होते. "या आठवड्यात फारच कमी," म्हणाले.

पण अनसूयाबाई लोंढ्यांचा दहावा म्हणजे मोठा. मतदानाला फक्त पाच दिवस उरले होते आणि अख्खा प्रभाग घाटावर लोटणार होता. कारण अनसूयाबाई आमच्या नगरपालिकेच्या प्रसूतिगृहात तीस वर्षं आया होत्या. गावातली निम्मी माणसं त्यांच्या हातावर जन्मलेली. नाना त्यांच्याच हातावर जन्मले. बापू शेडगेही. अनसूयाबाई म्हणायच्या, दोघंही पायाळू, दोघांनीही आपापल्या आईला रडवलं, आणि दोघंही बाहेर आल्याबरोबर हात पुढं करून होते.

अनसूयाबाई निवृत्त झाल्या त्याच वर्षी प्रसूतिगृहाच्या डॉक्टरांची बदली झाली. नवीन डॉक्टर आला नाही. मग नर्स गेली, मग औषधं गेली, आणि एक दिवस दाराला कुलूप लागलं. बंद इमारत बघून नानांना वाईट वाटलं, म्हणून त्यांनी पुढच्या खोलीत स्वतःचं जनसेवा कार्यालय काढलं. चार खुर्च्या, एक कॅरम, भिंतीवर स्वतःचा फोटो. बापूंनाही वाईट वाटलं. त्यांनी मागच्या दारानं जाऊन मागच्या खोलीत सिमेंटच्या गोण्या रचल्या. गटारावरून, नळावरून, गणपतीच्या वर्गणीवरून डोकी फोडणारी ही दोन माणसं, पण मधल्या एका भिंतीच्या अल्याड-पल्याड बारा वर्षं सुखानं नांदत होती. आणि गावच्या बायका बाळंतपणाला बावीस किलोमीटरवर तालुक्याला जात होत्या.

अनसूयाबाई दर पाडव्याला आमच्या घरी यायच्या. हातावर साखर ठेवली की विचारायच्या, "नाना, दवाखान्याचं कुलूप कधी काढतोस?"

"बघू, आक्का," नाना म्हणायचे.

मग त्या उठून शेडग्यांकडे जायच्या. तिथं बापू म्हणायचे, "बघू, आक्का." हे बारा पाडवे चाललं. तेराव्याच्या आधीच त्या गेल्या.

घाटावर पोचलो तर जागा नव्हती. नाना पुरुषांत पुढं जाऊन माइकजवळ बसले. बापू आधीच येऊन माइकच्या दुसऱ्या बाजूला बसले होते. मी बायकांत गेले. एकच फरशी मोकळी होती, आणि तिच्या शेजारी मंदा. मी उभी राहिले. मंदानं पदर सावरून जागा केली. बसले. दोघींनीही नदीकडे बघायला सुरुवात केली.

अनसूयाबाईंच्या मुलानं, हणमंतानं, विधी उरकले. एसटीत मेकॅनिक होता, भला माणूस, फक्त संध्याकाळी नीट चालत नसे. गुरुजींनी पिंड कट्ट्यावर नेऊन ठेवला आणि सगळे मागं सरले. समोर उंबराचं झाड होतं. त्यावर कावळा होता. एकच, पण धष्टपुष्ट. त्यानं पिंडाकडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं, आणि पिसं विंचरायला लागला.

"आई," हणमंत हात जोडून म्हणाला, "ताईला दर दिवाळीला माहेरी आणीन."

कावळा ढिम्म.

"पोरांना शिकवीन."

ढिम्म.

हणमंतानं घसा खाकरला. "दारू सोडतो."

कावळा एक फांदी खाली आला. हणमंताची बायको ताठ बसली. पण कावळा तिथंच थांबला. कुणीतरी मागून म्हणालं, "अजून काहीतरी राहिलंय म्हातारीचं."

एवढ्यात नाना उठले आणि माइक हातात घेतला. श्रद्धांजलीत ते नेहमी गेलेल्या माणसाबद्दल दोन वाक्यं बोलायचे आणि बाकीची स्वतःबद्दल. त्या दिवशी तर त्यांच्या हातात हुकमी गोष्ट होती. गेली नऊ वर्षं ती त्यांच्या प्रत्येक भाषणात होती, आणि मी प्रत्येक वेळी ती खाली मान घालून ऐकत होते.

"अनसूयाआक्का म्हणजे माझी दुसरी आई," नाना म्हणाले. "नऊ वर्षांपूर्वीची गोष्ट. माझी निवडणूक. ऐन प्रचारात माझ्या मंडळींना कळा सुरू झाल्या. मी म्हणालो, खड्ड्यात गेला प्रचार. मी स्वतः प्रचाराची जीप काढली, आक्कांना बरोबर घेतलं. वाटेत, कारखान्याच्या वजनकाट्याजवळ, जीपमध्ये माझ्या विजयचा जन्म झाला. एका हातानं मी स्टेअरिंग धरलं होतं आणि एका हातानं मंडळींचा हात. मित्रहो, असा माणूस तुमच्यासाठी कुठं जीप थांबवणार नाही?"

पुरुषांत माना हलल्या. बायकांत एकदोघींनी डोळे पुसले. मंदा माझ्या कानाशी पुटपुटली. बारा वर्षांतलं तिचं पहिलं वाक्य.

"एक हात स्टेअरिंगवर, एक तुझ्या हातात. मग गियर कोण टाकत होतं?"

मला हसू फुटलं. मी पदर तोंडाला लावला. तिनंही लावला. आमचे खांदे हलताना बघून मागची म्हातारी म्हणाली, "रडा बायांनो, रडून घ्या."

कावळ्याला मात्र गोष्ट आवडली नसावी. तो परत वरच्या फांदीवर गेला.

नानांना ते लागलं. त्यांनी माइक सोडलाच नाही. "आक्का," ते थेट पिंडाशी बोलायला लागले, "तुमच्या बोळात काँक्रीटचा रस्ता करून देतो."

बापू उठले. दुसरा माइक नव्हता, म्हणून त्यांनी नानांच्याच माइकला तोंड लावलं. "रस्ता कसला करताय, आधी गटार तुंबलंय. आक्का, मी बंदिस्त गटार करतो."

"बोळाच्या तोंडाला मोठा दिवा," नाना म्हणाले.

"घाटावर शेड. बसायला बाकं."

"आक्कांच्या नावानं कमान."

"कमानीला मार्बल."

आता लोकांना मजा यायला लागली. उन्हाचे चटके विसरून माणसं सरसावून बसली. मागून एकानं विचारलं, "कावळ्याचं नाव मतदारयादीत आहे का रे?" दुसरा म्हणाला, "थांबा जरा, बोली अजून चढू दे." नगरपालिकेतला एक कारकून आचारसंहितेचं काहीतरी बोलायला उठला होता, तो कावळ्याला कोणतं कलम लावायचं ते न सुचून परत बसला.

"व्यायामशाळा," नाना म्हणाले. सत्तरीत गेलेल्या आयाबाईला व्यायामशाळा. बापूंनी नाट्यगृह सांगितलं.

कावळा चोच फांदीला घासत होता.

"बघ," मंदा हळूच म्हणाली, "नेमकं तेवढं सोडून सगळं बोलतायत."

"मागं तुझं सिमेंट आहे ना."

"आणि पुढं तुझ्या नवऱ्याचा कॅरम."

आम्ही दोघी गप्प झालो. मग माझ्या ध्यानात आलं की सगळ्याच बायका गप्प आहेत. पुरुष हसत होते आणि बायकांच्या बाजूला चिडीचूप. आमच्यातल्या प्रत्येकीला माहीत होतं अनसूयाबाईंचं काय राहिलंय ते. प्रत्येकीनं तो बावीस किलोमीटरचा रस्ता केला होता, नाहीतर पोरीला, सुनेला घेऊन केला होता. पण सांगणार कोण? ज्यांच्या नावानं सांगायचं ते दोघं माइक धरून उभे होते.

पाऊण तास झाला. गुरुजींनी सूर्याकडे पाहिलं. "असं करू," ते म्हणाले, "दर्भाचा कावळा करून शिववू. शास्त्रात सोय आहे."

नानांनी घड्याळ पाहिलं. "करा, करा. साडेनऊला पदयात्रा आहे आमची."

मला आजही नीट सांगता येणार नाही की मला नेमका राग कशाचा आला. गोष्टीचा नव्हता. ती मी नऊ वर्षं ऐकलीच होती. व्यायामशाळेचाही नव्हता. त्या घड्याळाकडे बघण्याचा आला. त्या बाईनं आयुष्यभर कुणाच्याही कळांच्या वेळी घड्याळ पाहिलं नव्हतं. आणि बघते तर मी उभी होते.

"गुरुजी, थांबा."

माइक नव्हता माझ्याकडे. लागला नाही. नाना माझ्याकडे बघून हातानं 'बस, बस' करत होते.

"अनसूयाबाई," मी म्हणाले, "मी शालन. आता जी गोष्ट ऐकलीत ती खोटी आहे, हे तुम्हाला माहीतच आहे. पण इथं बसलेल्यांना माहीत नाही. जीपमध्ये हे नव्हते. तुम्ही होता, मी होते आणि बाळू ड्रायव्हर होता. हे माळी गल्लीत पदयात्रेत होते. यांनी निरोप पाठवला होता की जीप दोन वाजेपर्यंत परत धाडा, सभेला लागते."

मागं बसलेली माणसं ऐकू यावं म्हणून पुढं सरकली.

"जीपवरचा कर्णा बंद होत नव्हता. बटण अडकलं होतं. मला कळा येत होत्या आणि वर यांचा आवाज, मी तुमच्या सेवेला चोवीस तास हजर आहे. मला वाटलं मी मरते. तुम्ही वजनकाट्याजवळ जीप थांबवायला लावलीत आणि मला म्हणालात, पोरी, त्याच्यापेक्षा मोठ्यानं ओरड. मी ओरडले. पोरगा झाला. तो जगला तो तुमच्यामुळं. आणि घरी आल्यावर पहिल्यांदा यांनी विचारलं, जीप कुठाय."

"शालन," नाना माइकवरून म्हणाले. त्यांचा आवाज सगळ्या घाटावर घुमला आणि मग त्यांनीच माइक खाली घेतला.

आता मध्येच बसले असते तर परत कधी उठले नसते, एवढं मला कळत होतं.

"दवाखान्यातलं यांचं ऑफिस मी तेराव्याच्या आत रिकामं करते," मी म्हणाले. "निवडून आले तरी आणि पडले तरी."

कावळा झाडावरून सुटला. भर्रकन कट्ट्यावर उतरला. चारशे माणसांनी माना उंचावल्या. तो दोन उड्या मारून पिंडाजवळ गेला, मान तिरकी केली, आणि थांबला. खायला तोंड लावीना.

"निम्मं झालं," पुरुषांतलं कुणीतरी म्हणालं.

मग एकेक करून सगळ्या माना मंदाकडे वळल्या. पलीकडून बापू तिच्याकडे बघून जोरजोरात मान हलवत होते, नाही, नाही. मंदा पदराच्या टोकाला पीळ घालत बसली होती. शाळेत फळ्यावर गणित सोडवायला बोलावलं की ती असंच करायची. मला वाटलं, नाही उठत ही. आणि तिचं काही चुकत नव्हतं. मी माझ्या घरात आग लावली होती, तिनं तिच्या घरात का लावावी?

ती उठली. "मागच्या खोलीतलं सिमेंट आमचं आहे, आक्का," ती भराभर म्हणाली. "ते मी काढते."

"मंदा, अगं ते सिमेंट माझं नाहीच," बापू ओरडले.

"मग काढायला कुणाची हरकत नाही," मंदा म्हणाली.

कावळ्यानं चोच मारली. भाताचा मोठा घास घेतला आणि नदीपलीकडे उडून गेला. गुरुजींनी भराभर तांब्या उचलला, न जाणो कुणी आणखी बोलायला उठलं तर.

विजय आता तिशीचा आहे. तो म्हणतो, आई, पाऊण तास माइक ठणाणा करत होता म्हणून कावळा येत नव्हता, बंद झाला तसा आला. असेल. मी कावळ्याच्या वतीनं बोलत नाही.

पदयात्रा रद्द झाली. संध्याकाळी नाना आणि बापू बारा वर्षांत पहिल्यांदा एका टेबलावर बसले, स्टँडसमोरच्या हॉटेलात, आणि त्यांनी गुरुजींना बोलावून घेतलं. पिंडाला दिलेला शब्द मागं घेता येतो का, शास्त्रात काही सोय आहे का, असं त्यांना विचारायचं होतं. गुरुजींनी भजी संपवली आणि म्हणाले, "येतो की. कावळ्याकडून घास तेवढा परत आणा."

बाराव्या दिवशी सकाळी मी, मंदा आणि गल्लीतल्या पंधरा-वीस बायका दवाखान्यावर गेलो. किल्ली नानांनी लपवली होती. हणमंतानं कुलूप कापून दिलं. हात थोडे थरथरत होते त्याचे, पण शुद्धीत होता. खुर्च्या काढल्या, नानांचा फोटो काढला, आणि मग कॅरम उचलला. कॅरमखाली मळकी चादर होती. चादर ओढली तर खाली बाळंतपणाचं टेबल. बारा वर्षं नाना आणि त्यांचे कार्यकर्ते त्या टेबलावर सोंगट्या उडवत होते. एक म्हातारी पुढं झाली आणि पदरानं ते पुसायला लागली. मी मागच्या खोलीत गोण्या ढकलायला गेले. संध्याकाळपर्यंत दोन्ही खोल्या झाडून, धुवून झाल्या.

मतदान झालं. निकाल लागला. मंदा एकतीस मतांनी निवडून आली. मी पडले. आमच्याच कार्यकर्त्यांनी पतंगावर शिक्के मारले होते, नेत्याची बेअब्रू करणाऱ्या बाईला मत कसं द्यायचं म्हणून. मंदाकडे गुलाल उधळला. बापूंना खांद्यावर घेतलं. ट्रॅक्टरवर मंदा मागं कुठंतरी हार घालून उभी होती असं मला नंतर कुणीतरी सांगितलं.

आमच्या घरी नाना खुर्चीत बसून राहिले. तीन दिवस. ताट ठेवलं की जेवायचे, उचललं की उचलू द्यायचे. चौथ्या दिवशी बोलले.

"चारचौघांत मला उघडं पाडलंस."

"नऊ वर्षं झाकलं होतं," मी म्हणाले. "ते नाही दिसलं तुम्हाला."

मला बरं वाटत नव्हतं. खरं सांगायचं तर वाईट वाटत होतं. हा माणूस वाईट नव्हता. घरात कधी आवाज चढवला नाही, माझ्या वडिलांच्या आजारपणात महिनाभर दवाखान्यात राहिला. फक्त लोक समोर दिसले की त्याच्यातला माणूस बाजूला होऊन उमेदवार पुढं यायचा. आणि माझ्या नशिबानं लोक कायमच समोर असायचे.

तेवढ्यात दारात मंदा. धापा टाकत, कपाळावर अजून गुलाल. तिला नगरसेविका होऊन चार दिवस झाले होते.

"गोण्या परत ठेवल्यात त्यानं," ती म्हणाली. "काल दिवसभर मी सत्काराला होते, तेवढ्यात. मी विचारलं तर म्हणतो, तो शब्द उमेदवाराचा होता, नगरसेविकेचा नाही. चाळीस गोण्या आहेत. चल."

मी चपला शोधायला लागले.

"तू कुठं निघालीस?" नानांनी विचारलं. "पडलीस ना तू?"

"गोण्या उचलायला निवडून यावं लागत नाही," मी म्हणाले.

मंदा पायऱ्या उतरून पुढं गेली. माझा एक पाय चपलेत होता, तेवढ्यात मागून नानांचा आवाज आला. माइकवरचा नव्हता, चारचौघांतलाही नव्हता. मी तो आवाज बऱ्याच वर्षांनी ऐकत होते.

"शालन, इतकी वर्षं बोलली का नाहीस मला?"

मी वळले. ते खुर्चीच्या कडेला पुढं सरकून बसले होते. भांडायला विचारत नव्हते. त्यांना खरंच कळत नव्हतं.

"तुम्ही विचारलं कधी?"

मला त्यांच्यावर ओरडावंसं वाटत होतं आणि त्यांच्या डोक्यावरून हात फिरवावासाही वाटत होता, आणि बाहेर मंदा हाका मारत होती.

"उठा," मी म्हणाले. "वाटेत सांगते. एकेक गोणी पन्नास किलोची आहे, आमच्या दोघींना नाही पेलायची."

ते उठले. सदरा झटकला, केसांवरून कंगवा फिरवला, ते काही सुटणार नव्हतं. आम्ही रस्त्याला लागलो. कोपऱ्यावरच्या पानटपरीपाशी पाच-सहा माणसं उभी होती, आमच्याकडे बघून कुजबुजत होती. लोक दिसल्याबरोबर नानांचे हात आपोआप जोडले गेले, चेहऱ्यावर हसू आलं. चार पावलं ते तसेच चालले. मग त्यांनी हात खाली घेतले आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "सांग."